मोठे अक्षर कोणाला द्यावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणाला काही थोर विषय असावा अशी आपली अपेक्षा असते. मी मात्र आज एका अगदी लहान विषयावर बोलणार आहे, आणि गंमत अशी की त्या लहान विषयाचे नाव आहे मोठे अक्षर. इंग्रजी लिहिताना कोणता शब्द पहिल्या लिपीतल्या मोठ्या अक्षराने सुरू करावा आणि कोणता दुसऱ्या लिपीतल्या लहान अक्षराने, एवढाच हा प्रश्न आहे. आपल्यापैकी काहींनी शाळेत चार लिप्या गिरवल्या असतील, काहींच्या घरी वडिलांच्या हाती तर्खडकरांची भाषांतरपाठमाला असेल. पण लिप्या गिरवता आल्या तरी कोणती कुठे वापरायची हे पुष्कळदा सांगायचेच राहून जाते.

हा विषय मला कसा सुचला ते आधी सांगते. आपल्या मंडळात दुपारी इंग्रजीचा वर्ग भरतो हे आपल्याला ठाऊक आहे. मी निवृत्त शिक्षिका, म्हणून तो माझ्याकडे आला. त्या वर्गातल्या एक भगिनी एके दिवशी सगळ्या गेल्यावर मागे थांबल्या आणि पिशवीतून घडी घातलेला कागद काढून म्हणाल्या, "बाई, एवढे तपासून द्याल का?" त्यांची परवानगी घेऊनच ही हकीकत सांगते आहे. नाव सांगणार नाही.

त्यांची नात परदेशात आहे. वय दहा वर्षे. मराठी बोललेले तिला समजते, मोडके तोडके बोलतेही, पण वाचता येत नाही. आजवर आजीने सांगावे आणि मुलाने इंग्रजीत लिहून पाठवावे असे चालले होते. त्या मला म्हणाल्या, "तो लिहितो ते चांगलेच असते हो, पण ते पत्र त्याचे होते, माझे होत नाही. म्हणून या खेपेला मीच लिहिले." पत्र दीड पानाचे होते. पाऊस किती पडला, अंगणातल्या फणसाला किती फणस लागले, आजोबांचा गुडघा कसा आहे, देवीच्या दर्शनाला कोण कोण गेले होते, मोती कुत्रा रात्री कसा भुंकतो, असे सगळे त्यात होते. वाक्ये साधी आणि बहुतेक बरोबर होती. घोटाळा होता तो मोठ्या अक्षरांचा.

'हजबंड' म्हणजे यजमान, त्याचा एच मोठा. 'डॉक्टर', 'टेंपल', 'गॉडेस' हे सगळे मोठ्या अक्षरांनी. 'फादर' मोठा, कारण नातीचा फादर म्हणजे यांचा कर्तबगार मुलगा. 'मोती' मात्र लहान एमने लिहिलेला. 'मी' या अर्थी इंग्रजीत जो 'आय' येतो तो पत्रभर लहान, आणि अखेरीस 'आजी' तीही लहान ए काढून. मी विचारले, "हे असे का हो केलेत?" त्यांनी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, "ज्यांना मान द्यायचा त्यांना मोठे अक्षर दिले. कुत्र्याला आणि मला कशाला हवे?"

भगिनींनो, या उत्तराला मी हसले नाही. कारण त्यात आपल्या भाषेची सगळी शिस्त होती. आपण मराठीत मान कसा देतो? 'तो आला' न म्हणता 'ते आले' म्हणतो. 'अहो' म्हणतो, 'आपण' म्हणतो. इंग्रजीत यातले काहीच नाही. तिथे यजमानांनाही 'ही' आणि मोतीलाही 'ही'. सासूबाईंनाही 'यू' आणि दारावरच्या पोरालाही 'यू'. मग मान द्यायला जागा कुठे शोधावी? या बाईंना कागदावर एकच मोठी वस्तू सापडली, ती म्हणजे मोठे अक्षर. त्यांनी ती मानाच्या माणसांना वाटून टाकली आणि स्वतःला शिल्लक ठेवली नाही.

चूक एवढीच की इंग्रजीतले मोठे अक्षर हा मानाचा विडा नाही. ते नाव दाखवते. आपल्या मराठी व्याकरणात सामान्यनाम आणि विशेषनाम असा भेद आपण शिकलो आहोत. 'नदी' हे सामान्यनाम, कारण ते कोणत्याही नदीला लागते. 'काजळी' हे विशेषनाम, कारण ते त्या एका नदीचे स्वतःचे नाव आहे. इंग्रजी लिपी हा भेद डोळ्यांना दिसेल असा लिहून दाखवते. विशेषनामाला मोठे अक्षर, सामान्यनामाला लहान. 'हीच, दुसरी कोणी नव्हे' एवढेच ते मोठे अक्षर सांगते. ती व्यक्ती थोर की क्षुद्र, आवडती की नावडती, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

आपल्या देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत. बंगालीत नाहीत, तमिळात नाहीत, उर्दूतही नाहीत. त्यामुळे आपले काही अडत नाही, पण कधी कधी मौज होते. 'घरात आता आशा उरली नाही' असे कोणी लिहिले, तर त्या घरातले लोक निराश झाले की आशा नावाची मुलगी सासरी गेली, हे मागचेपुढचे वाचूनच कळायचे. इंग्रजीत 'होप' म्हणजे आशा आणि 'होप' नावाची मुलगीही असते, पण तिथे पहिले अक्षर पाहताच उलगडा होतो.

आता त्या पत्राकडे वळू. 'मोती' हे त्या कुत्र्याचे नाव आहे, म्हणून त्याला मोठा एम मिळाला पाहिजे. 'डॉग' या शब्दाला लहान डी पुरे. आणि 'हजबंड' हे काही यजमानांचे नाव नव्हे, ते साऱ्या जगातल्या नवऱ्यांना लागू असलेले सामान्यनाम आहे. त्याला लहान एच. हे ऐकून त्या बाई चमकल्याच. "म्हणजे मोतीला मोठे आणि ह्यांना लहान?" मी म्हटले, "यजमानांचे नाव लिहा, की त्यांनाही मोठे." तेव्हा त्या म्हणाल्या, "नाव कसे घेऊ? उखाण्यात घेतले तेवढेच!" आता आपण हसता आहात, पण खरी अडचण इथेच आहे, आणि तिच्याकडे मी शेवटी येणार आहे.

तत्पूर्वी आपल्या रत्नागिरीतलीच काही उदाहरणे घेऊ, म्हणजे नियम लक्षात राहतील.

ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी पदच्युत करून १८८६ साली आपल्या गावात आणून ठेवले आणि १९१६ साली तो इथेच वारला, हे आपल्याला माहीत आहे. 'थिबा हा एक राजा होता' असे इंग्रजीत लिहिताना 'किंग' ला लहान के, कारण राजे पुष्कळ झाले. पण 'किंग थिबा' असे पदवी नावाला जोडून लिहिले की मोठा के, कारण आता ती पदवी नावाचाच भाग झाली. हाच न्याय डॉक्टरांना, प्राध्यापकांना आणि आपल्याकडच्या बहुमानाच्या पदव्यांना. लोकमान्य टिळक १८५६ साली याच गावात जन्मले. 'लोकमान्य' हा शब्द त्यांच्या नावाशी असा एकजीव झाला आहे की तो नेहमी मोठ्या एलनेच लिहावा. महर्षी कर्वे आपल्याच जिल्ह्याचे. त्यांच्या 'महर्षी' लाही मोठा एम. पण 'भारतात पुष्कळ महर्षी होऊन गेले' असे लिहाल तेव्हा लहान.

'समुद्र' हा लहान एसने, 'अरेबियन सी' हे नाव लिहिताना दोन्ही शब्द मोठ्या अक्षरांनी. 'किल्ला' लहान, 'रत्नदुर्ग' मोठा. नुसती 'रेल्वे' लहान आरने, 'कोकण रेल्वे' हे त्या रेल्वेचे नाव म्हणून दोन्ही शब्द मोठ्या अक्षरांनी. त्या बाईंच्या पत्रातल्या 'टेंपल' आणि 'गॉडेस' या शब्दांना म्हणूनच लहान अक्षरे, आणि 'भगवती' या नावाला मोठा बी. देवीला लहान अक्षर लिहिताना हात अडखळतो खरा. पण देवीचे नाव मोठेच आहे, 'देवी' हा शब्द तेवढा अनेकींना लागतो. 'गॉड' या शब्दाचेही असेच. एका परमेश्वराचे नाव म्हणून लिहिला तर मोठा जी, तेहतीस कोटींबद्दल बोलताना लहान.

आणि आता आपला आंबा. 'मँगो' लहान एमने, कारण तो रायवळही असेल आणि पायरीही असेल. 'अल्फान्सो' मात्र मोठ्या एने, कारण ते मूळ माणसाचे नाव आहे. पोर्तुगीज सरदार अफोंसो द आल्बुकर्क याच्यावरून ते आले असे सांगतात, आणि त्याचाच आपल्या तोंडी 'हापूस' झाला. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ते नाव कोणी कुठल्याही आंब्याला लावू नये असे कायद्याने ठरले. विशेषनामाला केवढी किंमत असते ते बागायतदारांच्या घरच्या भगिनींना मी सांगायला नको. पेटीवर 'अल्फान्सो' लिहिलेले आणि आत दुसराच आंबा, हा खोटेपणा ठरतो तो त्या नावामुळेच.

वारांची आणि महिन्यांची नावे इंग्रजीत नेहमी मोठ्या अक्षरांनी लिहितात, ऋतूंची मात्र लहान. 'मे' महिना मोठ्या एमने. तीच तीन अक्षरे लहान एमने लिहिली की 'कदाचित' किंवा 'परवानगी आहे' असा अर्थ होतो. 'मार्च' मोठ्या एमने महिना, लहान एमने कवायतीची चाल. 'चायना' मोठ्या सीने चीन देश, आणि लहान सीने आपल्या फडताळातल्या चिनी मातीच्या कपबश्या! भाषांची आणि देशांवरून पडलेली नावेही मोठ्या अक्षरांनीच. म्हणून शाळेतल्या विषयांत 'मराठी' मोठ्या एमने, पण 'हिस्टरी' म्हणजे इतिहास लहान एचने. मराठी ही एका भाषेचे नाव आहे, इतिहास सगळ्यांचाच असतो.

यानंतर नात्यांचे शब्द. इथे आपण बायका हमखास अडतो. 'माय मदर' लिहिताना लहान एम. पण 'मी आईला सांगितले' या वाक्यात 'माय' न लावता नुसते 'मदर' लिहिले, तर मोठा एम. कारण तिथे तो शब्द नावाच्या जागी आला आहे. एक सोपी कसोटी सांगते. त्या शब्दाच्या जागी माणसाचे नाव घालून पाहावे. 'मी सुधाला सांगितले' हे वाक्य बसते, म्हणून मोठे अक्षर. 'माझी सुधा' असे आपण सहसा म्हणत नाही, म्हणून 'माझी', 'तुझी' असा शब्द आधी आला की लहान अक्षर. त्या पत्रात एका वाक्यात 'तुझी आजी' असे होते, तिथे आजीला लहान ए बरोबरच होता. पण शेवटी सही म्हणून 'आजी' लिहिले, तिथे ते नाव झाले. त्या मुलीसाठी तेच तर नाव आहे. तिथे मोठा ए हवा.

राहिला 'आय'. इंग्रज माणूस स्वतःला मोठ्या अक्षराने लिहितो, म्हणून तो गर्विष्ठ, असे आपल्याकडे पुष्कळदा म्हणतात. जर्मन भाषेत 'मी' हा शब्द वाक्यात लहान अक्षराने लिहितात आणि आदरार्थी 'आपण' मोठ्या अक्षराने, तेव्हा ही तुलना सुचणे साहजिक आहे. पण याचे कारण गर्व नसून सोय असावी असे जाणकार सांगतात. हाताने लिहिण्याच्या काळात एकटाच लहान 'आय' म्हणजे एक बारीकशी रेघ. ती शेजारच्या शब्दात हरवून जाई. म्हणून तिला उंच केले, आणि पुढे तीच रीत झाली. तेव्हा नम्रतेपोटी 'आय' लहान काढणे म्हणजे नम्रता नव्हे, नुसती चूक आहे. शिवाय आपण जे सांगतो आहोत ते सांगणारी बाई वाचणाऱ्याला दिसली तर पाहिजे!

हे नियम काही आकाशातून पडलेले नाहीत. प्राचीन रोमन लोक दगडावर कोरीत ती सगळी मोठीच अक्षरे. लेखणीने भरभर लिहिताना शतकानुशतके त्यांची वळणे बदलली. इसवी सन ८०० च्या सुमारास युरोपात शार्लमेन राजाच्या काळी सुबक लहान अक्षरे रूढ झाली, आणि कालांतराने दोन्ही एकत्र नांदू लागली. पुढे छापखान्यात मोठ्या अक्षरांचे खिळे वरच्या पेटीत आणि लहानांचे खालच्या पेटीत ठेवीत, म्हणून त्यांना इंग्रजीत आजही 'अपर केस' आणि 'लोअर केस' म्हणतात. सतराव्या अठराव्या शतकांत इंग्रज लोकही पुष्कळशा नामांना मोठे अक्षर देत. जर्मन भाषेत आजही प्रत्येक नामाला मोठे अक्षर असते, मग तो राजा असो की चमचा. डेन्मार्कमध्येही तशीच रीत होती, ती त्यांनी १९४८ साली सोडली. म्हणजे आपल्या बाईंनी जी चूक केली, ती कधीकाळी इंग्रजीचीही रीतच होती. फरक इतकाच की त्यांनी मोतीला आणि स्वतःला वगळले.

सगळेच शब्द मोठ्या अक्षरांत लिहिणे हा आणखी एक प्रकार. बँकेच्या आणि टपालखात्याच्या फॉर्मवर तसे लिहायला सांगतात, कारण सुटी मोठी अक्षरे वाचायला सोपी पडतात. आपल्या संविधानाच्या इंग्रजी उद्देशिकेत 'आम्ही भारताचे लोक' हे पहिले शब्द आणि न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द संपूर्ण मोठ्या अक्षरांत आहेत. तिथे ते शोभतात, कारण तिथे एक राष्ट्र बोलते आहे. पण मोबाईलवर नातवाला 'जेवलास का' हे सगळे मोठ्या अक्षरांत पाठवले, तर त्याला वाटते आजी ओरडते आहे. तेव्हा फॉर्म भरून झाला की ती सवय तिथेच ठेवावी. मोबाईल वाक्याचे पहिले अक्षर आपणहून मोठे करतो हे खरे. पण आपल्या मनातला 'मे' महिना की परवानगी, हे त्याला प्रत्येक वेळी कळेलच असे नाही.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून टाकते. आपल्या लोणच्याच्या आणि कोकम सरबताच्या बाटल्यांवर जी इंग्रजी चिठ्ठी लागते, ती मथळ्यासारखी असते. मथळ्यात मुख्य शब्दांना मोठी अक्षरे द्यावीत, 'ऑफ', 'अँड', 'द' असल्या मधल्या शब्दांना लहान. पण तेच सरबत कसे करावे हे खाली लिहाल, तेव्हा 'कोकम' लहान केने आणि 'रत्नागिरी' मोठ्या आरने. आपल्या मंडळाचे पूर्ण नाव लिहिताना त्यातला 'मंडळ' मोठ्या एमने, आणि 'आमचे मंडळ' म्हणताना लहान.

आता मघाची अडचण. ती बाई यजमानांचे नाव लिहायला लाजल्या, हे एक. पण मी त्यांना पुढे म्हटले, "सही 'आजी' अशी ठीक आहे. त्याखाली आपले स्वतःचे नाव लिहा की." तेव्हा त्या कितीतरी वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "ते कोण वाचणार?"

भगिनींनो, आपला दिवस कसा जातो ते पाहा. सकाळपासून रात्रीपर्यंत आपण आई असतो, सूनबाई असतो, वहिनी, काकू, मावशी, आजी असतो. ही सगळी नाती गोड आहेत, मला त्यांच्याविरुद्ध एक अक्षर बोलायचे नाही. पण ती सगळी सामान्यनामे आहेत. आपल्या आईबापांनी बाराव्या दिवशी पाळण्यात घालून कानात सांगितलेले जे विशेषनाम, ते लग्नात अनेकींचे बदलले, आणि जे राहिले तेही रेशनकार्डावर आणि मतदारयादीत पडून असते. ते हाक मारायला कोणी उरत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली एक निर्णय केला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरला. त्या जागी 'आई' हा शब्द लिहायचा नाही, आईचे नाव लिहायचे आहे. इंग्रजीत लिहाल तर मोठ्या अक्षराने. मला हा निर्णय व्याकरणाच्या दृष्टीनेही फार आवडला. सामान्यनामाच्या जागी विशेषनाम आले.

त्या पत्राचे पुढे काय झाले ते सांगून मी आपली रजा घेते. बाईंनी ते दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या हाताने लिहून आणले. मोतीचा एम मोठा होता, यजमानांचा एच लहान, आणि 'आय' जिथे जिथे होता तिथे ताठ उभा होता. शेवटी 'आजी' मोठ्या एने, आणि त्याखाली जरा बारीक हाताने, पण मोठ्या अक्षराने सुरू करून, त्यांचे स्वतःचे नाव. पत्र टपालाने गेले. महिन्याभराने नातीचे उत्तर आले, तेही हाताने लिहिलेले. त्यात शाळेची, पोहण्याची आणि मोतीची चौकशी होती, आणि मध्येच एक ओळ होती. तिचा मराठी अर्थ असा, 'आजी, तुझे नाव मला माहीतच नव्हते. फार छान आहे.'

तेव्हा घरी गेल्यावर एक कागद घ्या आणि त्यावर इंग्रजीत स्वतःचे नाव लिहा. पहिले अक्षर मोठे काढायला विसरू नका. पुढच्या वर्गाला येताना तो कागद घेऊन या, म्हणजे आपण तिथून पुढे सुरुवात करू.